आपला पूल

ऑनसाइटला गेलेल्या माणसाचे शनिवार-रविवार साधारण दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे, कंपनीने दिलेल्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये खिचडी टाकून, लॅपटॉपवर मराठी नाटकं बघत लोळून काढायचे. दुसरा म्हणजे, पाठीला सॅक लावून युरोप 'कव्हर' करायचा. सकाळी एक शहर, दुपारी दुसरं, रात्री परत. आणि सोमवारी ऑफिसात कुणी विचारलंच तर त्यातलं एकही धड आठवायचं नाही. तिसरा प्रकार मात्र नशिबातच असावा लागतो. त्या देशात आपलं हक्काचं माणूस असावं लागतं.

माझं ते माणूस म्हणजे रूमी. हे काही तिचं नाव नाही. पुण्यात हॉस्टेलला चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. रूममेटची झाली रूमी, आणि तेच नाव तिला कायमचं चिकटलं. मी अस्सल पुणेरी, ती अस्सल सातारी. मी कुणावर चिडले की टोमणे मारायचे, ती सरळ भांडायची. ('ए, काय म्हनतीस?' एवढं तिने विचारलं, की समोरचा निम्मा गार.) 2016 साली ती एमएस करायला ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत गेली, आणि मग तिथेच एका चिप बनवणाऱ्या कंपनीत चिकटली. या भागाला हल्ली 'सिलिकॉन सॅक्सनी' म्हणतात. आपल्याकडे आयटीवाल्यांना हिंजवडी, तशी तिकडे चिपवाल्यांना ही पट्टी.

तर 2025 च्या डिसेंबरात मी तीन आठवड्यांसाठी फ्रँकफर्टला होते. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद केला, ट्रेन पकडली, आणि रात्री उशिरा ड्रेस्डेनच्या प्लॅटफॉर्मवर रूमीच्या गळ्यात पडले. हातात फक्त शनिवार होता. रविवारी दुपारी परत.

*

सकाळी उठले तर किचनमधून फोडणीचा वास. जाड पोहे, वर ओलं खोबरं नाही म्हणून सुकं, आणि चक्क कढीपत्ता. 'कढीपत्ता कुठून आणलास?' विचारलं, तर म्हणाली, 'ते सोड. तो सोन्याच्या भावाने मिळतो. मोजून पानं टाकलीयत, काढून ठेवू नकोस.'

दूध काढायला फ्रिजपाशी गेले आणि मॅग्नेटखाली अडकवलेलं एक पत्र दिसलं. सरकारी कागद कुठल्याही देशातला असो, लांबूनच ओळखू येतो. वर नगरपालिकेचं नाव, खाली तारीख, वेळ, खोली नंबर. मंगळवार, सकाळी दहा. माझं जर्मन म्हणजे पुण्यात मॅक्समुल्लर भवनात केलेल्या दोन लेव्हल्स, त्यातलं अर्धं विसरलेलं. पण मधला एक लांबलचक शब्द कळला. आइनब्युर्गरुंग. नागरिकत्व देणं.

मी तिच्याकडे बघितलं. तिने पोह्यांवर लिंबू पिळलं.

'आधी फिरू, मग बोलू,' ती म्हणाली. 'आणि आईचा फोन आला तर तू काही बोलू नकोस. घरी अजून सांगितलेलं नाहीये.'

*

डिसेंबरातली जर्मनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ग्रीटिंग कार्ड येतं. पांढरा शुभ्र बर्फ, लाल छपरं, वगैरे. प्रत्यक्षात बर्फाचा पत्ता नव्हता. तापमान दोन-तीन डिग्री, आकाश ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखं, आणि हाडात शिरणारी ओल. बर्फ तरी परवडला, असली थंडी. मी आतून थर्मल, वर दोन स्वेटर, त्यावर कोट आणि कानटोपी घालून निघाले होते; आणि रूमी एका जॅकेटमध्ये मजेत चालली होती. नऊ वर्षांत माणसाची कातडीसुद्धा बदलते बहुतेक.

पहिल्याच चौकात सिग्नल लाल. रस्ता रिकामा. अगदी दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर रिकामा. मी सवयीने पाऊल टाकलं, तर हिने मागून सॅक खेचली. 'समोर पोरं उभी आहेत. पोरांसमोर लाल सिग्नल तोडायचा नसतो.' मी तिच्याकडे बघतच राहिले. ही तीच मुलगी, जी अलका टॉकीजच्या चौकात राँग साइडने ॲक्टिव्हा घालायची! तिथल्या सिग्नलमधला माणूस मात्र जाम गोड आहे. डोक्यावर हॅट, गोल पोट. हा जुन्या पूर्व जर्मनीतला. देश एक झाला, बाकी बरंच काही गेलं, पण लोकांनी हट्टाने हा हॅटवाला ठेवून घेतला. काही चौकांत त्याच्या जागी दोन वेण्यांची मुलगीही आहे.

रूमी एल्ब नदीच्या अलीकडे, नॉयश्टाटमध्ये राहते. नॉयश्टाट म्हणजे नवं शहर. राजवाडे, चर्चेस सगळं नदीपलीकडच्या जुन्या शहरात. पुलाकडे जाताना चौकात सोन्याने मढवलेला एक घोडेस्वार दिसतो. हा सॅक्सनीचा राजा आउगुस्ट, टोपणनाव 'बलदंड'. या शहराची निम्मी श्रीमंती याच्या हौसेतून आलेली. रूमीने त्याची ओळख करून दिली ती अशी: 'या बाबाला पोलंडचं राज्य पाहिजे होतं. पोलंडचा राजा व्हायचं तर कॅथलिक पाहिजे. हा पडला प्रोटेस्टंट. मग 1697 मध्ये सरळ कॅथलिक झाला आणि घेतलं राज्य. अख्खं सॅक्सनी प्रोटेस्टंट, राजा कॅथलिक! मी तर नुसता पासपोर्ट बदलायचा म्हणते, तरी मला महिनाभर झोप नाही.'

दिवसातला विषयाचा हा पहिला उल्लेख. मी काही बोलले नाही. 'आधी फिरू' असं ठरलं होतं.

आउगुस्ट पूल ओलांडला की समोरच राजघराण्याचं कॅथलिक चर्च लागतं. राजा मेला 1733 मध्ये. त्याचा देह पोलंडमध्ये क्राकोच्या कॅथेड्रलमध्ये ठेवलाय, आणि हृदय इथे, या चर्चच्या तळघरात. शप्पथ, थाप नाही. मी म्हटलं, 'म्हणजे हा पहिला ओसीआय कार्डवाला.' रूमी इतकी जोरात हसली, की शेजारून जाणाऱ्या आजीबाईंनी वळून बघितलं.

*

चर्चच्या मागच्या गल्लीत एक लांबच लांब भिंत आहे. 102 मीटर. तिच्यावर सॅक्सनीच्या राजांची मिरवणूक, एकामागून एक घोडे, आणि सगळं चित्र चिनीमातीच्या सुमारे 23 हजार टाइल्सचं. 1945 च्या बाँबफेकीत आजूबाजूचं सगळं कोसळलं, पण ही भिंत जवळजवळ जशीच्या तशी राहिली. फोटो काढायला लांब जावं तर गल्ली अरुंद, आणि जवळून काढावा तर फक्त घोड्याचे पाय येतात. आम्ही पायांचे काढले.

गल्ली संपली की चौक उघडतो आणि समोर फ्राउएनकिर्शे. ड्रेस्डेनला जाऊन एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर हे चर्च बघा. बाहेरून बघितलं तरी चालेल, किंबहुना बाहेरूनच बघा. फिकट पिवळसर दगडाची प्रचंड इमारत, वर दगडी घुमट, आणि त्या फिकट भिंतीत मध्येच काळेकुट्ट दगड. एक इथे, दोन तिथे, एका बाजूला तर अख्खा पट्टाच काळा. कुणीतरी कोडं सोडवायला घेऊन अर्धवट टाकल्यासारखं.

गोष्ट अशी. अठराव्या शतकातलं हे चर्च. 13 ते 15 फेब्रुवारी 1945 ला ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेनवर बाँब टाकले. इतिहासकारांच्या समितीने 2010 मध्ये मृतांचा आकडा जास्तीत जास्त 25 हजार असा दिला. चर्च दोन दिवस उभं राहिलं, आणि 15 तारखेला सकाळी आतून भाजून निघालेले खांब खचले. घुमट खाली आला. पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा तसाच ठेवला होता, युद्धाची आठवण म्हणून. जर्मनी एक झाल्यावर लोकांनी पैसे जमवले, ढिगाऱ्यातला एकेक दगड उचलून त्याची नोंद केली, आणि 1994 ला बांधकाम सुरू झालं. जे जुने दगड वापरण्याजोगे होते आणि ज्यांची मूळ जागा सापडली, ते तिथेच बसवले. 30 ऑक्टोबर 2005 ला चर्च पुन्हा उघडलं. वरचा सोन्याचा क्रॉस ब्रिटनकडून भेट आला. तो घडवणाऱ्या लंडनच्या कारागिराचे वडील त्या हल्ल्यातल्या एका विमानाचे पायलट होते.

'काळे म्हणजे जळलेले?' मी विचारलं.

'सगळ्यांना तसंच वाटतं,' रूमी इंजिनियरच्या आवाजात म्हणाली. 'पण हा इथलाच वालुकाश्म आहे. त्यात लोखंड असतं. हवापाण्यात राहून तो आपोआप काळा पडतो. काळे दगड जुने आहेत एवढंच. पांढरे पण पडतील काळे, आणखी शंभर-दीडशे वर्षांनी. मग जुना कुठला, नवा कुठला, कुणाला कळणार पण नाही.'

माझ्या डोक्यात लगेच ट्यूब पेटली. काय सही उपमा मिळाली, म्हणून मी उत्साहाने सुरू केलं, 'म्हणजे बघ ना, तू पण तशीच...'

'ए बाई,' तिने मला तोडलं. 'दगडाला कुणी विचारलं नव्हतं, कुठं बसायचंय म्हणून. आणि दगडाला सातारला आई नसते.'

उपमा खिशात परत गेली.

*

अकराच्या सुमारास थंडीने पाय बधिर झाले आणि आम्ही राजवाड्यात घुसलो. इथे आउगुस्टचा खजिना आहे. नाव 'ग्र्यूनेस गेव्योल्बे', म्हणजे हिरवं तळघर. याच वाड्यातून नोव्हेंबर 2019 मध्ये चोरांनी हिरेजडित दागिने पळवले होते, सिनेमात दाखवतात तस्से. 2022 च्या डिसेंबरात त्यातले बरेचसे परत मिळाले. पण रूमीला मला दागिने दाखवायचे नव्हते. तिने माझा दंड धरला आणि वरच्या मजल्यावरच्या नव्या दालनात सरळ एका काचेच्या पेटीपुढे नेऊन उभं केलं.

'ओळख कोण ते.'

मोठ्या टेबलाएवढा एक चांदीचा दरबार. पायऱ्या, चौक, कमानी. सोन्याची, रंगीत मीनाकाम केलेली बोटभर उंचीची शंभराहून जास्त माणसं. हत्ती, उंट, घोडे, नजराणे घेऊन आलेले सरदार. सगळ्यावर मिळून सुमारे पाच हजार हिरे. आणि सगळ्यात वर, छत्राखाली, सिंहासनावर मांडी घालून बसलेला एक छोटासा माणूस.

पाटी वाचली आणि मी ओरडायचीच बाकी होते. औरंगजेब!

नाव: 'मोगल बादशहा औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दिल्लीतला दरबार'. करणारा योहान मेल्खियोर डिंगलिंगर, आउगुस्टचा दरबारी सोनार. काम चाललं 1701 ते 1708. डिंगलिंगर कधीही हिंदुस्थानात आला नाही. प्रवाशांची पुस्तकं वाचून, चित्रं बघून, उरलेलं मनाने घालून त्याने हे सगळं घडवलं. त्यामुळे काही माणसं चिनी दिसतात, काही सजावट इजिप्तची वाटते. पण श्रीमंती विचाराल तर डोळे दिपतात.

'आता तारखा बघ,' रूमी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. 'हे काम सुरू झालं 1701 ला. तेव्हा बादशहा कुठे होता? दिल्लीत नव्हताच. 1681 ला जो दक्षिणेत उतरला तो परत गेलाच नाही. सोळाशे नव्व्याण्णवच्या डिसेंबरपासून चार महिने कुणाच्या दारात बसला होता?'

'कुणाच्या?'

'माझ्या!' ती जवळजवळ किंचाळलीच. गार्डने बघितलं. 'अजिंक्यताऱ्याखाली! माझ्या शाळेच्या खिडकीतून दिसतो तो किल्ला. इथे हा गडी पाच हजार हिरे लावून त्याचा दिल्लीतला वाढदिवस सजवतोय, आणि तो म्हातारा तिकडे आमच्या चिखलात तंबू ठोकून बसलाय. सातारा झालं, मग पन्हाळा, मग विशाळगड, मग सिंहगड. शेवटी 1707 ला अहमदनगरपाशी, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपाशी, गेला. हे काम पुरं व्हायच्या आत माणूस संपला.'

शेजारी एक म्हातारं जर्मन जोडपं कौतुकाने ऐकत होतं. रूमीने त्यांना सगळं जर्मनमध्ये पुन्हा सांगितलं. भरभर, हातवारे करत, मध्येच विनोद करून त्यांना हसवत. आजोबांनी शेवटी काहीतरी विचारलं. ती क्षणभर थांबली आणि मग उत्तर दिलं.

'काय विचारलं त्यांनी?'

'तुम्ही कुठल्या, असं.'

'मग? काय सांगितलंस?'

'म्हटलं, नॉयश्टाटची.' ती जरा ओशाळून हसली. 'आपोआप आलं गं तोंडातून. मग म्हटलं, आणि साताऱ्याची.'

तिथल्या बाकावर आम्ही जरा टेकलो. ती त्या पेटीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, 'मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा याचं हसू आलं होतं. न बघता कसला दरबार बनवलाय म्हणून. आता येत नाही. कारण माझं सातारा पण असंच झालंय. राजवाड्यावरची भेळ, पोवई नाक्यावरच्या मैत्रिणी, आईची मसाल्याची कांडणं. सगळं चकचकीत, जागच्या जागी. आणि दोन वर्षांनी घरी जावं तर मैत्रिणी पुण्याला, मसाला गिरणीतून, आणि भेळवाल्याचा मुलगा विचारतो, ताई, पार्सल का? मी इथे बसून हिरे लावत बसलेय नुसती.'

*

दुपारी बाजार. ड्रेस्डेनचा ख्रिसमस बाजार 'श्ट्रीत्सेलमार्क्ट' जर्मनीतल्या सगळ्यात जुन्या बाजारांपैकी एक. पहिला उल्लेख 1434 चा. लाकडी टपऱ्या, दिवे, भाजलेल्या बदामाचा वास, आणि जत्रेत असते तशी गर्दी. सुकवलेल्या प्लमपासून बनवलेली धुराडं साफ करणाऱ्या पोराची बाहुली मिळते. इथला खरा हिरो मात्र श्टोलन, म्हणजे सुकामेवा घातलेला, वर पिठीसाखरेचा थर दिलेला जाड पाव. बाळाला दुपट्यात गुंडाळल्यासारखा दिसतो. पूर्वी उपासाच्या दिवसांत लोणी चालायचं नाही, म्हणून हा पाव तेलात करायचे आणि अगदीच बेचव लागायचा. मग सॅक्सनीच्या राजेलोकांनी पोपकडे अर्ज केला, आणि 1491 मध्ये रोमहून लोण्याची परवानगी आली. एका पावासाठी थेट पोप! खवय्येगिरी काय फक्त आपल्याकडेच आहे का?

ग्लूवाइनचे, म्हणजे मसाला घातलेल्या गरम वाइनचे, दोन मग घेतले. मगाचं डिपॉझिट वेगळं. मग परत केला की पैसे परत. कपाभोवती बोटं गुंडाळून आम्ही एका उंच टेबलाशी उभ्या राहिलो, आणि रूमी स्वतःहून बोलायला लागली.

भावना राहू दे, आधी हिशेब ऐक, म्हणाली. जर्मनीने कायदा बदलला. 27 जून 2024 पासून पाच वर्षं राहिलेल्याला अर्ज करता येतो, आणि पहिलं नागरिकत्व सोडा अशी अट जर्मनीची उरलेली नाही. अट आपली आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं त्याच क्षणी संपतं, पासपोर्ट जमा करायचा. मग ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर हवं तितकं येता येतं, राहता येतं. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मिळाली तर चालते.

'परीक्षा झाली. तेहतीस प्रश्न, सतरा बरोबर पाहिजेत. माझे तेहतीस आले,' ती म्हणाली. सवय जात नाही. 'फी 255 युरो, भरली. सगळं झालंय. मंगळवारी जायचं, एक प्रतिज्ञा म्हणायची, कागद घ्यायचा. कागद हातात पडला की झालं.'

'मग अडलंय कुठे?'

ती बराच वेळ मगात बघत राहिली. 'नऊ वर्षं मी कुठंच मत दिलेलं नाही. तिकडे द्यायचं तर त्या दिवशी मतदारसंघात हजर पाहिजे. इकडे परदेशी, त्यामुळे प्रश्नच नाही. टॅक्स मात्र भरते, दरमहा, न चुकता. या शहरात 2014 पासून दहा वर्षं ते परदेशी लोकांच्या विरोधातले मोर्चे निघायचे, सोमवारी. सोमवारी संध्याकाळी मी लांबच्या ट्रामने घरी यायचे. 2025 च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत सॅक्सनीत सगळ्यात जास्त मतं एएफडीला पडली. माझ्या शेजारची आजी मला केक आणून देते, आणि तिने कुणाला मत दिलं ते मी कधी विचारलं नाही. भीती वाटते म्हणून नाही. मला वाटतं, मोजणीत माझं पण एक असावं. एवढंच.'

'आणि दुसरी बाजू?'

'2020 चा मार्च. आठवतो? तेव्हा ओसीआयवाल्यांचा व्हिसाशिवाय प्रवेश सरकारने थांबवला होता. नंतर विमानंच बंद झाली, सगळ्यांचीच, ते खरंय. पण मी तेव्हा ती बातमी वाचली आणि ते पोटात बसलंय. आपल्याच घरी जायला कुणीतरी हो म्हणावं लागणार. बाबांचं वय झालंय. रात्री फोन वाजला तर?'

यावर मी काय सांगणार? बाजूच्या टेबलावर एक लहान मुलगा गरम फळांचा रस नाकाला लावून बसला होता. आम्ही त्याच्याकडे बघितलं. मग परत केले, डिपॉझिट घेतलं.

*

साडेतीनलाच उजेड उतरायला लागला. चारला सूर्य मावळतो इथे. आम्ही नदीकाठच्या ब्र्यूल टेरेसवर गेलो. उंच दगडी कठडा, खाली एल्ब, पलीकडे नॉयश्टाटचे दिवे. टेरेसच्या टोकापलीकडे नवं सिनेगॉग आहे, 2001 मध्ये बांधलेलं. जुनं नाझींनी 1938 च्या नोव्हेंबरात जाळलं होतं, बाँब पडायच्या सहा वर्षं आधी. या शहरातली सगळीच पडझड आकाशातून आलेली नाही, हेही इथेच उभं राहून कळतं.

आणि त्याच्या शेजारी, नदीवर, काहीच नाही. जिथे पूल असायला हवा तिथे मोकळी हवा.

'तो कारोला पूल,' रूमी म्हणाली.

11 सप्टेंबर 2024, पहाटे तीनची वेळ. पुलाचा ट्रामचे रूळ असलेला सुमारे शंभर मीटरचा भाग नदीत कोसळला. काही मिनिटांपूर्वीच शेवटची ट्राम त्यावरून गेली होती. कुणालाही काही झालं नाही. 2025 मध्ये उरलेला पूलही पाडून टाकला.

'ऑफिसला जाताना मी याच पुलावरून ट्रामने जायचे. त्या सकाळी मोबाइलवर फोटो बघितला आणि धावत नदीवर आले. माझ्यासारखी बरीच माणसं आली होती. कुणी काही बोलत नव्हतं. मला रडू यायला लागलं. पुलासाठी! मी आईला फोन लावला आणि म्हटलं, आई, आपला पूल पडला.'

ती थांबली.

'आई घाबरली. म्हणाली, कुठला गं, संगम माहुलीचा? मी म्हटलं, नाही, इथला. तर म्हणाली, मग आपला काय म्हणतेस? तुमचा म्हण.'

मराठीत ही एक अडचण आहे बघा. इंग्रजीत 'अवर' म्हटलं की सुटलं. जर्मनमध्येही एकच शब्द. आपल्याकडे मात्र 'आमचा' आणि 'आपला' यांत ऐकणाऱ्याचाही निकाल लागतो. 'आपला' म्हणताना आईला त्या पुलावर घ्यावं लागतं. आणि आई आली नव्हती.

'दोन आठवड्यांनी अर्ज भरला,' रूमी म्हणाली. 'कायदा काय, तो जूनमध्येच आला होता.'

मग तिने मोबाइल काढला. साडेचार वाजले होते, म्हणजे साताऱ्यात रात्रीचे नऊ. जेवणं आटोपून टीव्ही सुरू असणार. तिने स्पीकर लावला आणि कठड्याला टेकून, एका दमात, सगळं सांगून टाकलं. मंगळवार, प्रतिज्ञा, पासपोर्ट, कार्ड. मी नदीकडे तोंड करून उभी राहिले. जाऊ की थांबू, कळेना.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

बराच वेळ काही नाही. मग आई म्हणाल्या, 'म्हणजे रेशन कार्डावरचं नाव कमी करायचं का?'

रूमीच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर पडला. मी पाठीवर हात ठेवला. कुठल्याही वकिलाने, कुठल्याही फॉर्मने इतका नेमका प्रश्न विचारला नसता. रेशन कार्डावर नाव म्हणजे घरात ताट. ते कमी करायचं का, एवढंच त्या माउलीला कळून घ्यायचं होतं.

'कमी करावं लागेल आई,' रूमी म्हणाली. खोटं बोलली नाही.

'बरं,' आई म्हणाल्या. आणि मग, 'तुझा डबा तरी नीट खातेस ना?'

बाबा फोनवर आले. त्यांनी फक्त शेताचं विचारलं. हिने सांगितलं, विकत घेता येणार नाही, पण आहे त्यातला वारसा राहतो. 'विकत घ्यायला पैसे कुणाकडं आहेत?' बाबा म्हणाले. 'आहे तेवढं सांभाळा म्हणजे झालं.' आणि फोन ठेवला. रागावले होते की नाही, ते काही आम्हाला कळलं नाही. सातारी माणसाचं हे असं असतं, रूमी म्हणाली. दोन दिवस जाऊ द्यावे लागतात.

येताना आम्ही ट्राम घेतली नाही. पूल चालत ओलांडला. आउगुस्टचा घोडा दिव्यात चमकत होता. सिग्नलला हॅटवाला लाल झाला, रस्ता रिकामा होता, पोरंबिरं कुणी नव्हती. आम्ही दोघी तरी थांबलो.

*

मंगळवारी मी फ्रँकफर्टला मीटिंगमध्ये होते. साडेअकराला फोटो आला. इरकलीवर जाडजूड कोट, पायांत बूट, हातात कागद, नाक लाल. खाली लिहिलं होतं, 'प्रतिज्ञा म्हणताना आवाज फाटला. बाई म्हणाल्या, सगळ्यांचाच फाटतो.'

मी विचारलं, घरी कळवलंस?

संध्याकाळी तिचा फोन आला. आईने फोटो बघून इरकलीला इस्त्री नाही म्हणून ओरडा दिला होता. बाबा नेहमीसारखे शेवटच्या मिनिटाला फोनवर आले. ऊस, थंडी, शेजारच्यांची म्हैस, सगळं झालं. रूमीला वाटलं आता ठेवणार.

'मग?'

'मग म्हणाले, आणि काय गं, तो आपला पूल कधी बांधून होणार म्हणायचा?'